पाळीव प्राण्यांची पैदास व सरकारी नोंदणी

कोंकणांतील शेतकऱ्यास नुसत्या भातशेतीवर संसार चालविणें पूर्वींही कठीण होतें व आजही आहे. म्हणून आंबा, काजू, नारळ व सुपारी यांच्या बागांबरोबर कोंबड्या, शेळ्या, दुभतीं जनावरें असे जोडधंदे तो करीत आला आहे. अलीकडे ह्या जोडधंद्यांत एका नव्या धंद्याची भर पडली आहे. मुंबईच्या चाकरमान्यांमुळें व तारकर्ली, देवबाग, वेंगुर्लें ह्या बाजूस येणाऱ्या पर्यटकांमुळें शहरी आवडीनिवडी आपल्या खेड्यांतही पोंचल्या. लॅब्रॅडोर किंवा जर्मन शेफर्ड जातीच्या कुत्र्यांचीं पिलें, रंगीत पक्षी, पांढरे ससे, कांचेच्या पेटींतील मासे यांना गिऱ्हाईक मिळूं लागलें. बागेच्या राखणीसाठीं आणलेल्या जातिवंत कुत्रीचीं पिलें विकून चार पैसे मिळतात हें दिसतांच कित्येकांनीं दुसरी जोडीही आणली.

धंदा वाईट नाहीं. भांडवल बेताचें लागतें, जागा घरची असते व घरांतील माणसांच्या हातून काम होतें. परंतु ह्याच कारणांमुळें पुष्कळांची अशी समजूत झालेली असते कीं, कुत्री आपली, पिलें आपलीं, मग सरकारचा येथें संबंध तो काय? ही समजूत चुकीची असून ती महाग पडण्यासारखी आहे. कायदा जनावरें किती आहेत हें विचारीत नाहीं. तीं विक्रीकरितां आहेत कीं नाहींत, एवढेंच विचारतो. एका कुत्रीचीं चार पिलें पैसे घेऊन देणारा व पन्नास कुत्रीं बाळगणारा हे दोघेही नियमांच्या दृष्टीनें सारखेच पैदासकार होत. म्हणून हे नियम काय आहेत, ते कोणत्या प्राण्यास कसे लागू पडतात व लहान पैदासकारास ते परवडतात कीं नाहीं, याचा विचार येथें करावयाचा आहे.

नियम कोठून आले

प्राण्यांस क्रूरतेनें वागविण्यास बंदी करणारा कायदा आपल्या देशांत १८९० सालींच झाला होता. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागीं १९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा आला. ह्या कायद्याच्या ३८ व्या कलमानें नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारास दिला आहे. तथापि पाळीव प्राण्यांची पैदास व विक्री यांवर निराळे नियम बरींच वर्षें नव्हते. ऑगस्ट २०१५ मध्यें विधि आयोगानें आपला २६१ वा अहवाल सादर केला, त्यांत असे नियम करण्याची शिफारस होती. त्यानंतर २३ मे २०१७ रोजीं कुत्र्यांच्या पैदाशीचे व विक्रीचे नियम प्रसिद्ध झाले, व सप्टेंबर २०१८ मध्यें पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम निघाले.

ह्या नियमांमागील हेतु जनावरें पाळणाऱ्या माणसास सांगावयास नको. गाय व्याल्यावर तिला विश्रांति न देतां पुन्हां पुन्हां गाभण ठेवली, तर गाय खंगते व वासरूंही अशक्त निपजतें, हें आपण जाणतों. कुत्र्यांच्या व्यापारांत नेमकें हेंच होऊं लागलें होतें. प्रत्येक माजाला कुत्री फळविणें, भावाबहिणींचा संग होऊं देणें, चार-पांच आठवड्यांचीं पिलें आईपासून तोडून विकणें, हे प्रकार सर्रास चालत. त्यांत मुक्या जनावराचे हाल होत आणि पैसे मोजून घरीं नेलेलें पिलूं आठ दिवसांत दगावल्यामुळें गिऱ्हाईकही फसे.

कुत्र्यांची पैदास

विशिष्ट जातीचीं कुत्रीं पैदाशीकरितां व विक्रीकरितां बाळगणारी व्यक्ति अथवा मंडळी म्हणजे पैदासकार, अशी २०१७ च्या नियमांची व्याख्या आहे. कुत्रीं सांभाळण्याचा धंदा करणारे व मधले दलालही तींत धरले आहेत. बागेच्या किंवा घराच्या राखणीसाठीं कुत्रें पाळणारा शेतकरी तींत येत नाहीं. परंतु जातिवंत जोडी पैदाशीसाठीं ठेवून पिलांचे पैसे घेतले कीं तो पैदासकार झाला, व राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय त्यास तो धंदा करतां येत नाहीं.

नोंदणीचा अर्ज ठराविक नमुन्यांत करावा लागतो. त्याबरोबर पांच हजार रुपये शुल्क भरावें लागतें व तें परत मिळत नाहीं. नोंदणी दोन वर्षें चालते. मुदत संपण्यापूर्वीं तिचें नूतनीकरण करून घ्यावें लागतें. नोंदणी देण्याआधीं मंडळानें नेमलेले तपासनीस, ज्यांत पशुवैद्य असतो, जागा पाहून जातात. आजारी जनावर निराळें ठेवण्याची सोय, व्यालेल्या कुत्रीसाठीं व पिलांसाठीं शांत व कोरडी जागा, स्वच्छ पाणी, उजेड व वारा हीं त्यांच्या नजरेस पडलीं पाहिजेत. मृगापासून हस्तापर्यंत कोसळणाऱ्या आपल्या पावसांत कोरड्या जागेची अट सर्वांत अवघड ठरते. गोठ्याच्या पडवींत ओल्या जमिनीवर पोतें टाकून भागणार नाहीं, हें आधींच ध्यानांत ठेवावें.

कित्येक लोक केनेल क्लबच्या वंशप्रमाणपत्रासच परवाना समजतात. तें प्रमाणपत्र कुत्र्याचें कूळ सांगतें. धंद्यास परवानगी देत नाहीं. दोन्ही कागद निरनिराळे आहेत व एकाचें काम दुसऱ्यानें होत नाहीं.

पैदाशीसंबंधीं मुख्य अटी अशा आहेत. नर व मादी निदान अठरा महिन्यांचीं असावीं, व संगापूर्वीं पशुवैद्यानें तीं निरोगी असल्याचें लिहून दिलेलें असावें. लागोपाठ वेतें घेण्यास मनाई आहे. एका कुत्रीचीं जन्मभरांत पांचांहून अधिक वेतें घेऊं नयेत, व आठ वर्षांच्या पुढें तिची पैदास करूं नये. आईबाप व संतति यांचा, तसाच भावाबहिणींचा संग होऊं देऊं नये. दिखाऊपणासाठीं शेपूट तोडणें अथवा कान कापणें बंद आहे.

विक्रीच्या अटीही तितक्याच स्पष्ट आहेत. आठ आठवडे पुरे झाल्याशिवाय पिलूं विकतां येत नाहीं. विकलेल्या पिलास लस टोंचलेली असावी, व त्याच्या कातडीखालीं ओळखीची मायक्रोचिप बसविलेली असावी. सहा महिन्यांवरील कुत्रें नसबंदी केल्याशिवाय विकतां येत नाहीं. घेणारा स्वतः नोंदलेला पैदासकार असेल तरच सूट आहे. पिलें रस्त्यावर मांडून विकूं नयेत. प्रत्येक जनावराचा जन्म, आजार, लस, विक्री व मृत्यु यांची नोंद वहींत ठेवावी, व वर्षाचा हिशेब मंडळाकडे पाठवावा.

आठ आठवड्यांच्या अटीचें कारण समजून घेणें बरें. पिलाच्या अंगांत आईच्या दुधांतून आलेली रोगप्रतिकारक शक्ति पहिले कांहीं आठवडे त्याचें रक्षण करते. ती ओसरूं लागते व लशीचा गुण अजून यावयाचा असतो, तो काळ धोक्याचा. पार्व्हो व डिस्टेंपर हे दोन घातक रोग पिलास बहुधा ह्याच संधींत गांठतात. त्यांतच त्याला आईपासून तोडून गाडींत बसवून मुंबईस नेलें तर तें टिकणें कठीण. आपल्याकडील मोठें गिऱ्हाईक म्हणजे चतुर्थीस येणारा चाकरमानी. गौरी-गणपति उरकून तो परततो, त्या वेळीं आषाढी एकादशीच्या सुमारास जन्मलेलीं पिलें जेमतेम आठ आठवड्यांचीं होतात. श्रावणांत जन्मलेलें पिलूं त्याच्या हातीं देणें हें नियमाविरुद्ध तर आहेच, पण त्या पिलाच्या जिवावर बेतणारेंही आहे. कुत्रीचा गर्भकाळ सुमारें नऊ आठवड्यांचा असतो. तेव्हां चतुर्थीचा बाजार साधावयाचा असल्यास संगाची वेळ वैशाखाच्या पूर्वार्धांतच यावयास हवी.

जमाखर्चाचा ताळा

आतां हें लहान शेतकऱ्यास परवडतें काय, तें पाहूं. एक कुत्री सहा वर्षें पैदाशीत ठेवली व नियमाप्रमाणें तिचीं जास्तींत जास्त पांच वेतें घेतलीं असें समजूं. सहा वर्षांत तीन वेळां नोंदणी होते. नूतनीकरणास तेवढेंच शुल्क धरल्यास पंधरा हजार रुपये झाले, म्हणजे दर वेतामागें तीन हजार. एका वेतांतून पांच पिलें जगून विकलीं गेलीं, तर दर पिलामागें सहाशें रुपये नुसत्या शुल्काचे पडले. लस, मायक्रोचिप, पशुवैद्याची फी, आईचा खुराक व पिलांचा दोन महिन्यांचा खुराक हा खर्च त्याहून निराळा. कुत्र्या दोन असतील तर शुल्काचा भार तीनशेंवर येतो. कारण शुल्क नोंदणीमागें आहे, जनावरामागें नाहीं. सहा महिन्यांपर्यंत न विकल्या गेलेल्या पिलाचा नसबंदीचा खर्चही विसरतां कामा नये.

हा ताळा मांडल्यावर असें दिसतें कीं, एकाच कुत्रीवर हौसेनें केलेला धंदा जेमतेम तोंडमिळवणी करील. दोन-तीन चांगल्या कुत्र्या, नीट ठेवलेली वही व खात्रीचें गिऱ्हाईक असेल तरच त्यांत जीव आहे. ज्यास हें जमण्यासारखें नसेल त्यानें कुत्रीची नसबंदी करून ती राखणीस ठेवावी, हेंच शहाणपणाचें. नाहीं तर नको असलेलीं पिलें बाजारांत किंवा बंदरावर सोडलीं जातात व गांवास मोकाट कुत्र्यांचा उपद्रव होतो.

मांजरें, ससे व पिंजऱ्यांतील पक्षी

कुत्र्यांखेरीज इतर प्राण्यांच्या विक्रीस २०१८ चे दुकानांचे नियम लागू पडतात. दुकान म्हटल्यावर पाटी लावलेला गाळा डोळ्यांपुढें येतो. परंतु ह्या नियमांतील व्याख्या त्याहून फार व्यापक आहे. जेथें पाळीव प्राणी विक्रीसाठीं ठेवले किंवा विकले जातात अशी कोणतीही जागा दुकानांत मोडते. आठवड्याच्या बाजारांतील जागाही तींत स्पष्टपणें घातली आहे. तेव्हां कुडाळच्या किंवा कणकवलीच्या आठवडा बाजारांत पिंजरा घेऊन बसणाऱ्यासही नोंदणी हवी. मोबाइलवर जाहिरात देऊन ज्या माध्यमांतून विक्री होते, तींही ह्या व्याख्येंत आलीं आहेत. कुत्रें, मांजर, ससा, गिनिपिग, हॅम्स्टर, उंदराच्या जातीचे प्राणी व पिंजऱ्यांत वाढलेले पक्षी हे पाळीव प्राणी म्हणून नांवानिशीं सांगितले आहेत.

पक्ष्यांच्या बाबतींत आणखी एक पायरी आहे. विकावयाचा पक्षी मुळांत बाळगण्यास परवानगी असलेला आहे कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. त्या दृष्टीनें पक्ष्यांचे तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग आपल्या रानांतील पक्ष्यांचा. पोपट, डोंगरी मैना, मुनिया हे पकडणें, पाळणें व विकणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें गुन्हा आहे. पिंजऱ्यांतील राघू घरोघरीं दिसतो म्हणून तो कायदेशीर ठरत नाहीं, व त्याची पैदास करण्याचा परवाना मिळण्याचा प्रश्नच नाहीं. पाठीवर ताऱ्यांसारखी नक्षी असलेल्या देशी कासवाचीही हीच गोष्ट. ह्या कायद्याखालीं शिक्षा जबर आहेत. सामान्य गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि पहिल्या अनुसूचींतील प्राण्यांच्या बाबतींत तीन ते सात वर्षें कैद, असें त्यांचें मान आहे.

दुसरा वर्ग परदेशी परंतु आंतरराष्ट्रीय यादींत असलेल्या पक्ष्यांचा. वन्य जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा साइटीस नांवाचा करार १९७३ सालीं झाला. त्याच्या याद्या २०२२ च्या दुरुस्तीनें आपल्या वन्यजीव कायद्याच्या चवथ्या अनुसूचींत आल्या, व ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. पुढें २८ फेब्रुवारी २०२४ रोजीं नोंदणीचे नियम निघाले. मकाव, सन कोन्युअर, बरेच काकाकुवे, तसेंच इग्वाना सरडा यांची नोंद वनखात्याकडे, केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ ह्या संकेतस्थळावरून, करावी लागते. ज्यांच्याकडे असे प्राणी आधींपासून होते त्यांना सहा महिन्यांची मुदत दिली होती, ती संपली. आतां नवीन प्राणी हातीं आल्यापासून तीस दिवसांत नोंद करावयाची असते, व पिलें झालीं कीं तीही कळवावयाचीं असतात. करड्या रंगाचा आफ्रिकन पोपट तर त्या करारांतील पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, यादींत आहे. अशा जातींच्या पैदाशीस मुख्य वन्यजीव रक्षकाकडील निराळा परवाना लागतो.

तिसरा वर्ग ह्या यादीबाहेर ठेवलेल्या परदेशी पक्ष्यांचा. बजरीगर, कॉकेटिल व गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड हे ह्या वर्गांत येतात. त्यांना वनखात्याची नोंदणी नको; विक्री करावयाची तर दुकानाच्या नियमांची नोंदणी मात्र हवी. येथें नांवाचा घोटाळा सांभाळावा. आपल्या बाजारांत बजरीगरासही सरसकट लव्हबर्ड म्हणतात, आणि खऱ्या लव्हबर्डांतही गुलाबी तोंडाची जात यादीबाहेर असून फिशर नांवाची जात यादींत आहे. म्हणून जोडी विकत घेतांना पावतीवर पक्ष्याच्या जातीचें पूर्ण नांव लिहून घ्यावें. पुढें तोच कागद आपला साक्षीदार होतो.

शोभेचे मासे

मालवण किनाऱ्यास सर्वांत मोकळा मार्ग शोभेच्या माशांचा आहे. २०१८ च्या नियमांत सांगितलेल्या प्राण्यांत माशांचें नांव नाहीं. मत्स्यपेट्यांच्या दुकानांसाठीं २०१७ सालीं निराळे नियम निघाले होते खरे, पण ते सरकारनें मागें घेतले. गप्पी, मॉली, गोल्डफिश असे गोड्या पाण्यांतील मासे परसांतील टांक्यांत वाढविण्यास सरकारचें उत्तेजनच आहे. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेंत परसांतील अशा प्रकल्पाचा खर्च तीन लाख रुपये धरून सर्वसाधारण लाभार्थ्यास चाळीस टक्के, व स्त्रिया आणि अनुसूचित जाति-जमाती यांना साठ टक्के साहाय्य ठरविलें होतें. कुडाळ तालुक्यांत मुळदे येथें दापोलीच्या कृषि विद्यापीठाचें गोड्या पाण्यांतील माशांचें केंद्र आहे. धंद्यांत उतरण्यापूर्वीं तेथें जाऊन माहिती घ्यावी.

मात्र समुद्राकडे हात वळवूं नये. प्रवाळ व समुद्रघोडा हे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. मेलेलें प्रवाळही पेटीच्या शोभेसाठीं विकतां येत नाहीं. शिवाय सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांभोंवतालचा समुद्र १९८७ सालीं मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला असून त्याचें क्षेत्र सुमारें २९ चौरस किलोमीटर आहे. तेथून परवानगीवांचून कोणताही वन्य जीव उचलणें हा गुन्हा आहे. उलट बाजूनें, टांक्यांतील परदेशी मासे कर्ली, गड वा तेरेखोल ह्या नद्यांत सोडूं नयेत. ते वाढले तर देशी मासळीवर संक्रांत येते. पावसाळ्यांत टांकीं भरून वाहतात, तेव्हां सांडव्यास बारीक जाळी बांधावी.

दंड लहान, तोटा मोठा

१९६० च्या कायद्याखालील नियम मोडल्यास शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शंभर रुपये हा आंकडा पाहून कोणी हंसेल. पण कैद आहे, ती विसरूं नये. आणि तोटा दंडांत नाहींच. नोंदणीवांचून चालणारें दुकान मोहोरबंद करून तेथील जनावरें ताब्यांत घेण्याची व तीं प्राणी कल्याण संस्थेकडे सोंपविण्याची तरतूद २०१८ च्या नियमांत आहे. सगळें भांडवलच ज्या धंद्यांत जिवंत आहे, त्यांत जनावरें गेलीं म्हणजे धंदा गेला. शिवाय पावती व नोंदणी नसलेला विकणारा गिऱ्हाइकाशीं वाद झाल्यास न्याय मागण्यासही उभा राहूं शकत नाहीं.

एक आक्षेप व एक सूचना

ह्या नियमांवर आमच्या मतें एक रास्त आक्षेप आहे. जनावरांच्या निगेसंबंधींच्या अटी सर्वांस सारख्याच असाव्या. पिलाचे हाल धनी गरीब म्हणून कमी होत नाहींत. परंतु शुल्कही सर्वांस सारखेंच ठेवणें न्यायाचें नाहीं. दोन कुत्र्या बाळगणारा शेतकरी व शहरांतील पन्नास कुत्र्यांचा कारखानदार यांनीं एकच पांच हजार भरावे, याचा परिणाम असा होतो कीं मोठा नोंदणी करतो व लहान लपून राहतो. जो लपला त्याच्या जनावरांकडे पशुवैद्याची नजर कधींच पोंचत नाहीं, म्हणजे नियमाचा मूळ हेतूच बाजूस राहतो. जनावरांच्या संख्येप्रमाणें शुल्काच्या पायऱ्या ठरवाव्या, व तालुक्याच्या ठिकाणीं अर्ज घेण्याची सोय करावी, अशी मागणी शेतकरी संघांनीं एकमुखानें सरकारकडे करणें योग्य होईल.

तोंपर्यंत संघाच्या हातांत असलेल्या गोष्टी कराव्या. नोंदणी ज्याची त्यानेंच करावयाची असली, तरी पशुवैद्यास गांवीं एकाच दिवशीं बोलावून सर्वांचीं जनावरें तपासून घेणें, मायक्रोचिपा व लशी एकत्र मागविणें, नोंदवहीचा एक छापील नमुना सर्वांस देणें, एवढ्यानें प्रत्येकाचा खर्च उतरेल. अर्ज मराठींत भरून देणारा एक जाणता सभासद प्रत्येक तालुक्यांत असावा. सिंधुदुर्गनगरी येथील पशुसंवर्धन खात्याच्या कचेरींत त्यानें आधीं चौकशी करून ठेवावी, म्हणजे दहा जणांच्या दहा फेऱ्या वांचतील.

जोडी विकत घेण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस चार प्रश्न विचारावे. हा प्राणी बाळगण्यास मुळांत परवानगी आहे काय? त्याची नोंद पशुसंवर्धनाकडे व्हावयाची कीं वनखात्याकडे? नियमाप्रमाणें निगा राखण्यास जागा व माणूस आपल्याकडे आहे काय? आणि हा सर्व खर्च वजा जातां हातीं कांहीं उरतें काय? ह्या चारांपैकीं एकाचेंही उत्तर समाधानकारक नसेल तर जोडी आणण्याची घाई करूं नये. चारही उत्तरें अनुकूल असतील त्यानें आधीं नोंदणी करावी व मग पैदाशीस लागावें. भाताचा तरवा जमीन भाजून तयार केल्यावरच पेरावयाचा असतो, तसाच हाही क्रम आहे.